चौथ्या भागाची साथ

शिरीषने आमच्या लेकीसाठी, सावनीसाठी, फोनवर करून ठेवलेलं रेकॉर्डिंग नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तो गेल्यावर त्याचा फोन मी आतून बाहेरून तपासला होता. बायका तपासतातच. सापडले ते पाइपलाइनचे फोटो आणि हे.

सावनीच्या व्हायोलिनच्या परीक्षेला तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा इटालियन माणसाचा सोनाटा होता, चार भागांचा. या जुन्या सोनाट्यांत साथीदाराला फक्त डाव्या हाताची खर्जातली ओळ लिहून देतात आणि तिच्याखाली आकडे. उजव्या हाताने काय भरायचं, ते आकडे बघून त्याचं त्यानेच ठरवायचं. आकडे म्हटल्यावर आमचा इंजिनिअर खूश. कीबोर्डवर तीन भाग त्याने वाजवून ठेवले, "चौथा फ्रायडेला" म्हणाला आणि गुरुवारी इथल्या, आखातातल्या साइटवर छातीत कळ येऊन गेला. तो तिसरा भागही मेला असा अर्धवट संपतो, की पुढे काहीतरी यायलाच हवं.

महिन्याभराने सावनी रोज दुपारी चार वाजता ते रेकॉर्डिंग लावून वाजवायला लागली. पोर निदान काहीतरी करतेय म्हणून मला बरं वाटलं. एकदा मी भेंडी चिरत होते. तिचा सूर चुकला, ती थांबली. साथही थांबली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा साथ सुरू झाली. फोन टेबलावर होता, तिने हातही लावला नव्हता. मी सुरी खाली ठेवली. ती अंघोळीला गेल्यावर फाइल बघितली. दहा मिनिटं पाच सेकंद.

"आई, ही वेट्स फॉर मी," सावनी केस पुसत म्हणाली. "आणि चौथा स्टार्ट झालाय."

मी घाबरले. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवसापासून चार वाजायच्या आत केस विंचरून बसायला लागले. रोज उजवा हात काहीतरी नवीन भरायचा, रोज फाइल थोडी लांबायची.

मग सावनीने शाळेत जाणं बंद केलं. घुब्रा भागातली तिची शाळा घरापासून दहा मिनिटांवर, पण पोरीचा पाय घराबाहेर पडेना. परीक्षेत पियानोवर साथ करणार होत्या पलीकडच्या अझैबा भागातल्या माहनूर मिस. त्यांच्याकडे तालमीला मी तिला कसंबसं ओढून नेलं, तर रात्री त्यांचा फोन आला. "भाभी, बच्ची मेरे साथ बजाती ही नहीं. बीच में रुककर सुनती है. किसी और को."

घरी मात्र ती शेवटाजवळ पोचायची आणि शेवटच्या चार ओळी राहिल्या की चुकायची. रोज तिथेच. साथ शांतपणे चार ओळी मागे जायची, शिरीष तिला शिकवताना जायचा तशी. पुन्हा चूक, पुन्हा मागे. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की ही मुद्दाम चुकतेय. शेवट झाला तर तो जाणार. तोवर तिचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं, डोळे खोल गेले होते. मला शिरीषचा भयंकर राग आला. बापाला कळू नये?

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "सावनी, आज नीट वाजव."

"मग बाबा जाईल."

"हो."

"तुला चालेल?"

"नाही चालणार. तरी वाजव."

तिने वाजवलं. एकही चूक नाही. शेवटचा सूर झाला आणि खोली गार पडली. मग फोनमध्ये डाव्या हाताने एकच पट्टी दाबली. सूर आला आणि तसाच राहिला.

"आई, इथे रिपीटची साइन आहे," सावनी हळू आवाजात म्हणाली. "हवं असेल तर हा पार्ट परत घेतात. ही इज आस्किंग. घेऊ?"

सूर थांबेना. माझ्यासाठी इतका धीर या माणसाने उभ्या संसारात धरला नव्हता. 'घे' अगदी ओठांवर आलं होतं. एकदाच, कुणाचं काय बिघडतंय? सावनीचा गज तारेवर टेकलेला. चौदा वर्षांची पोर, आणि तिला कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं.

"नको," मी म्हणाले. तिला नाही, त्याला. "शिरीष, पुरे आता. जा."

सूर लगेच सुटला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग बोट उचललं गेलं आणि स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला. फोनमधून नाही, कोपऱ्यातल्या बंद कीबोर्डपाशी.

सावनी रडली, मग म्हणाली, "आई, भूक लागलीय." मी उठून कणीक भिजवली. पहिल्या वेळी तो आपला आपण गेला होता. या वेळी मी त्याला घालवलं.