रेघ आडवी झाली तेव्हा

कृष्णामाईचं पाणी सकाळपासून चढत होतं आणि खालच्या आळीत मनुबाई आणि तिचा लेक मानसिंग यांची जुंपली होती. भांडण पुराचं नव्हतं, बनूचं होतं. मानसिंगची बहीण बनुबाई पहिल्या खेपेला माहेरी आलेली, परवाच मोकळी झाली होती. आत शेगडीच्या उबेला लेकराला घेऊन पडली होती. शेजारचा नाथाजी गाडी जुपून दारात उभा होता आणि मानसिंगसारखंच तोही तिला माळावरच्या देवळात हलवू म्हणत होता.

मनुबाई उंबऱ्यातून हलेना. बाहेर झड लागलेली, वारं अंगाला झोंबणारं. ओल्या बाळंतिणीला असल्यात काढायचं म्हणजे जाणूनबुजून वाताच्या तोंडी द्यायचं, असं तिचं म्हणणं. तिचं तरी काय चुकत होतं? थोरल्या लेकीचं बाळ असंच गारठ्यानं गेलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मानसिंगला लढाईहून येऊन वर्ष झालं होतं. तोफखान्यात तो ग्राफ काढायला शिकला होता, आणि नवं शिकलेलं माणसाला गप्प बसू देत नाही. त्यानं सकाळीच चुलीतला कोळसा घेऊन सोप्याच्या भिंतीवर एक आडवी रेघ मारली होती, ती वेळेची. दुसरी उभी मारली, ती घाटाच्या पायऱ्यांची. गावात पूर मोजायचा तो घाटाच्या पायऱ्यांवर, ही वाडवडिलांपासूनची रीत. तासातासानं घाटावर जाऊन किती पायऱ्या बुडाल्या ते बघायचं आणि भिंतीवर ठिपका द्यायचा. सकाळचे ठिपके जोडले तर रेघ शिडीसारखी उभी चढत होती. दुपारी ती कलली, आणि मग जवळजवळ आडवीच झाली.

"बगा काका," तो म्हणाला, "वेळ म्होरं चाललाय, पर पानी चढंना. पुराचा जोर मोडला. बनूला हलवायचं कारन न्हाई."

नाथाजीनं रेघेवरून बोट फिरवलं. त्याला पटलं आणि त्यानं बैल सोडले. त्याचं बघून आळीतल्या इतरांनीही बांधलेली बोचकी सोडली. मनुबाईनं शेगडीत नवे निखारे घातले.

मानसिंगला मात्र चैन पडेना. जोर मोडला म्हणावा तर ओंडके तसेच येत होते, पाणी तसंच पळत होतं. पुढच्या ठिपक्यासाठी गेला तेव्हा तो घाट सोडून काठावरच्या करंजाच्या झाडांपलीकडं गेला. आळीच्या पाठीमागची मळी, नदीकाठची ती खोलगट गाळाची जमीन, भरत चालली होती. उसाचे नुसते शेंडे दिसत होते. नदी थांबली नव्हती. काठ ओलांडून मळीत पसरत होती, म्हणून पायऱ्या बुडत नव्हत्या. मळी भरली की तेच पाणी आळीवर येणार होतं.

तो आळीभर ओरडत पळत आला आणि नाथाजीला गाडी जुपायला सांगू लागला.

नाथाजी भडकला. "मगाशी सोड म्हनलास, आता जुप म्हनतोस. येडं समजतोस व्हय रं आमाला?"

"रेघ खरी हाय काका. मीच चुकीची वाचली. पायऱ्या मोजत बसलो, मळी बगितलीच न्हाई. काठोकाठ आलीया ती."

मळीचं नाव ऐकलं आणि नाथाजी बैलांकडं वळला. त्याचाही ऊस तिथंच होता. मनुबाई मात्र लेकाकडं बघत राहिली. ज्या तोंडानं मघाशी थांबा म्हटलं, त्याच तोंडच्या शब्दावर आता बाळंतीण पावसात काढायची होती.

"लेकराला कायबाय झालं तर?" तिनं विचारलं.

"तर माझं तोंड बगू नगंस," मानसिंग म्हणाला.

तिनं घोंगडी उचलली. शेवटची गाडी आळीतून निघाली तेव्हा पाणी चाकाच्या आऱ्यांना लागलं होतं.

देवळात पोचेस्तोवर लेकरू गार पडलं होतं. रडेना, दूध ओढेना. मनुबाईनं त्याला आपल्या उघड्या छातीशी धरलं, वरून घोंगडी ओढली आणि बायकांनी भोवती कोंडाळं केलं. मानसिंगला आत जायची छाती होईना. तो बाहेर पावसातच उभा राहिला. खालच्या आळीत भिंती बसल्याचे आवाज येत होते. त्यात आपली कुठली, हे त्याला कळलं नाही आणि त्याची त्याला फिकीरही नव्हती.

बऱ्याच वेळानं मनुबाई दारात आली. तिचे हात रिकामे होते. ते बघून मानसिंग मटकन खाली बसला.

"लागलंय प्यायला," ती म्हणाली. "आत ये. का तुज्यासाठी बी गाडी जुपायची?"