वाकवलेली रेघ

माउसचं डावं बटण पुन्हा चिकटलं. कुणाकुणाच्या बोटांचा घाम, खालच्या हॉटेलातल्या पराठ्यांचं तेल... विशाखाने बोट ओढणीला पुसलं, तरी चिकटपणा जाईना. याच माउसने तिने ती रेघ खाली ओढली होती — आखातातल्या गुदैबियात ती शिकवत असलेल्या या कॉम्प्युटर क्लासच्या माहितीपत्रकावरची, कुठली प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला किती जड जाते ते दाखवणारी. पायथॉनची रेघ आधी सपाट, मग सावकाश चढणारी. सी प्लस प्लसची मात्र पहिल्या पावलालाच कड्यासारखी उभी. तशीच काढली होती तिने, खरीखुरी. पण मालक मुनाफभाईंनी नाक मुरडलं. "विशाखाबाय, हा कडा बघून कोण येल इथं? सहा आठवड्यांत येतं असं दाखव. यल्ला, चल, लवकर!" — आणि तिने दाखवलं; नोकरी आणि व्हिसा एकाच माणसाच्या हातात असले की रेघ किती मुकाट वाकते... शी!

आज सहावा आठवडा संपत होता. दिवसभर डिलिव्हरीची गाडी चालवून आलेला कैलास, कुडाळचा, चाळिशीचा, समोर बसला होता. स्क्रीनवर त्याचा सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम पुन्हा कोसळला होता, आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता.

"मॅडम, माझा नाव काढून टाका," तो म्हणाला. "कागदार सहा आठवडे लिवलेले हत. सगळ्यांका येता, म्हणजे माकाच डोक्या नाय."

"प्रॅक्टिस करा, येईल," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला शिळ्या खरकट्यासारखा वाटला. येईल? मला कधी आलं? सी प्लस प्लसमधला तो पॉइंटर नावाचा प्रकार डोक्यात शिरायला दोन वर्षं गेली माझी. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून... आणि हा माणूस सहा आठवड्यांतच स्वतःला मठ्ठ ठरवून बसलाय, माझ्यामुळे.

"कैलास, ते पत्रक खोटं आहे. मीच केलंय. मला दोन वर्षं लागली होती."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजूतदारपणे हसला.

"तुमी आपली माझी समजूत काढतास. मॅडमांका खयली दोन वर्सा?"

वही काखेत मारून तो जिना उतरू लागला. हाक मारायची होती — पण काय म्हणून? इतके दिवस सगळी किळस मुनाफभाईंच्या नावावर टाकून ती किती स्वच्छ राहिली होती! आता तिच्या तोंडून खरं निघालं, तरी ते खोट्यासारखंच ऐकू गेलं... आणि स्वतःच्याच शब्दांची ती शिळी चव तिला गिळवेना, थुंकवेना.