कमानीची दमणी

ताडकळसच्या लिंबाजी सुताराचं एक ठाम मत होतं: गाडी घडवावी तर त्यानंच, बाकीच्या सुतारांनी सरपण फोडावं. निजामाच्या राज्यात सडका परभणीपुरत्या. इकडं काळ्या रानातल्या खोल चाकोऱ्या. त्यांत टिकणारी चाकं त्याचीच.

पण त्याच वाटांनी त्याच्या लेकीची, नर्मदेची, पोटातली दोन लेकरं गिळली होती. सासरीच राहू द्या म्हणावं तर रीत आडवी येई: पहिलं बाळंतपण माहेरीच. दोन्ही वेळा सातव्या महिन्यात तिला आणलं, दोन्ही वेळा ती पोट धरूनच उतरली. तिसऱ्या खेपेला सुईण तानुबाईनं त्याला दारातच गाठलं.

"लिंबाजी, आवंदा पोरीला धक्का लागू देऊ नको. सासरचे सवत आणायच्या गोष्टी करायलेत, ठाव हाय न्हवं?"

लिंबाजीच्या डोळ्याला डोळा लागेना. त्यानं परभणीहून मोडीत निघालेल्या मोटारीच्या, दबून उसळणाऱ्या पोलादी कमानी आणल्या. दमणी या बसायच्या हलक्या बैलगाडीचा साटा, म्हणजे माणसं बसतात तो भाग, आसावर न ठेवता कमानींवर तोलला. मग तोंडोतोंड भरलेली घागर साट्यात मधोमध ठेवून दमणी चाकोरीतून हाकली. एरवी अर्धी घागर सांडे. आज ओंजळभरही सांडली नाही.

बायकोनं, दगडाबाईनं, साट्याला हात लावून पाहिला. "आवं, हे तर झुलायलंय की."

"झुलू दे. पाळण्यातबी लेकरू झुलतंयच ना?"

लेकीला आणताना त्यानं आणखी शहाणपण केलं. साट्यात कडबा, कडब्यावर गादी, गादीवर नर्मदा. चार कोसांत ती एकदाही कण्हली नाही. "आबा, झोप यायलीय," म्हणून हसली, तेव्हा लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

गाव कोसभर राहिलं तिथं ओढ्याचा उतार वळतो. साधी गाडी तिथं दणका देऊन उतरून गेली असती. हिचं एक चाक बांधावर चढलं आणि साटा दुसऱ्या अंगाला कलला. उंच बसलेली नर्मदा त्याच अंगाला झुकली, तिच्या भारानं कमान आणखी दबली, आणि लिंबाजीनं कासरा ओढेपर्यंत दमणी आडवी झाली. घागर तळाला बसते, माणूस वर बसतं. हयात लाकडात घालवलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट तेव्हा उमगली.

मुलगा होता. तानुबाईनं तो फडक्यात गुंडाळून दगडाबाईकडं दिला.

नर्मदेनं बापाचा हात धरला. "आबा, रडू नका. वाटंनं धक्का एकबी लागला न्हाई बघा मला." त्यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसवलं असतं.

पाचव्या दिवशी जावई भुजंग बैलगाडी घेऊन आला. न्यायला आला असेल, या आशेनं लिंबाजी पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं पुढं झाला. भुजंगानं मान वर केली नाही. गाडीतून नर्मदेची लुगड्यांची पेटी काढून ओसरीवर ठेवली आणि बैल वळवले.

आतून नर्मदेनं विचारलं, "आबा, कोण आलंय?"