पत्रूभाऊंचा कान

मी एक जुनी लोखंडी सळई आहे, मित्रांनो. ठोकाठोकीला माझा उपयोग नाही. माझं काम ऐकण्याचं. गडचांदूरजवळच्या सिमेंट कारखान्यातल्या पत्रूभाऊ फिटरनी मला कानशीने घासलं आणि एका टोकाला सागाची मूठ बसवली. टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर, मूठ कानाला, की आतलं दुखणं कळलंच म्हणून समजा! एकोणीस वर्षं सगळे मला ‘पत्रूभाऊंचा कान’ म्हणायचे. मला त्याचा भारी गर्व होता.

मग आवाज मोजणारी नवी यंत्रं आली, आणि मागोमाग बातमी: शनिवारी कपातीची यादी लागणार. अख्खा विभाग चहाच्या टपरीवर. पत्रूभाऊंचे जुने जोडीदार बुधूभाऊ तर आठवडाभर सूचनाफलकाखालीच उभे. फेरीला निघालेल्या पत्रूभाऊंना ते म्हणाले,

“नोकरी जाऊन राह्यली, अन् तुमी पंखे आयकून राह्यले?”

“यादीचं मले नाई समजत गा. पंख्याचं समजते.”

बोलले खरे, पण मूठ घामाने ओली होती. गुरुवारी त्यांनी मला मोठ्या पंख्याला लावलं आणि ओरडले, “धडधड हाय! बंद करा!” पंखा थांबवून उघडला, तर बेअरिंग ठणठणीत. सगळे हसले. ती धडधड पत्रूभाऊंच्याच छातीची होती, हे मला ठाऊक होतं. ऐन यादीच्या तोंडावर ही चूक! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पत्रूभाऊ खाली बसले, पाणी प्यायले, श्वास शांत होऊ दिला आणि उरलेली फेरी पुरी करायला उठले. चौथ्या यंत्रात बारीक करकर ऐकू आली. या वेळी त्यांनी तीनदा ऐकून मगच सांगितलं. उघडलं, तर बेअरिंगला तडा!

शनिवारी यादी लागली. पत्रूभाऊंचं नाव नव्हतं. बुधूभाऊंचं होतं. का, ते साहेबांनाच ठाऊक. पत्रूभाऊंनी मला पुसून बुधूभाऊंच्या हातात दिलं.

“घुग्घुसच्या कारखान्याले फिटर पाह्यजे म्हणते. घेऊन जा. धडधड आयकू आली तं पह्यले पाणी पेजो.”

“अन् तुमाले?”

“मी दुसरी घासतो.”

मित्रांनो, अवजारांना तेलाचा हात लावत जा, आणि भीती वाटली तरी हातातलं काम सोडू नका. आता मी घुग्घुसला आहे. काल माल वाहणाऱ्या चालत्या पट्ट्याच्या बेअरिंगवर टेकवून बुधूभाऊंनी मला कानाला लावलं, धडधड ऐकू येताच खाली ठेवलं आणि बाटलीतलं पाणी पिऊन पुन्हा लावलं. आता पट्टा नीट ऐकू येत होता.