पंचफुलाची खुर्ची

माझ्या बायकोच्या, पंचफुलाच्या वर्षश्राद्धाला मी खुर्ची दान द्यायचं ठरवलं आणि ती स्वतःच केली. गेलेल्या माणसाच्या नावाने वस्तू श्राद्ध सांगणाऱ्या महाराजांना दिली, त्यांनी ती वापरली, की तिकडे पोचते म्हणतात. कशी पोचते ते मी विचारलं नाही.

पंचफुलाला कधी कोणती खुर्ची मानवली नाही. तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. खुर्ची दिली की काठावर टेकायची आणि थोड्या वेळाने खाली उतरायची. उजवा पाय लांब, डावा मुडपलेला, डाव्या कोपरावर भार, अशी जमिनीवर बसायची.

सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरामागे बाभळीचं जाड खोड पडून होतं. मी आरा मशीनवर जन्म काढला, लोकांची लाकडं सरळ कापली. या खोडाला टेप लावला नाही, खुणा केल्या नाहीत. डोळे मिटायचो आणि ती बसलेली आठवायचो. जिथे लाकूड तिच्या आड येई तिथे तासायचो. तिची पाठ केवढी होती ते माझ्या तळहाताला माहीत होतं. झाली तेव्हा खुर्ची डावीकडे कललेली होती. उजव्या बाजूला हात नव्हता, आणि समोर पाय ठेवायला फळीसारखं लाकूड पुढे आलं होतं.

"भाऊजी, हे खुर्ची होय का गव्हाण?" माझा साळा रूपराव म्हणाला.

"लोक हासतीन, भाऊ," माझी मोठी बहीण शोभाबाई म्हणाली. "रूपरावनं प्लास्टिकची आणली ना, ते देऊन टाक."

रूपरावचे जावई नागपूरहून आले होते. ते म्हणाले, ही मॉडर्न आर्ट आहे, यावर बसायचं नसतं.

"मग काय करायचं?"

"पाहायचं."

पंचफुलाला नुसती पाहायला खुर्ची पाठवून काय करू?

देवळीचे महाराज आले. अंगाने भरलेले. ताठ बसले आणि डावीकडून घसरले. रूपरावने धरलं.

"ही सरळ करून घ्या," महाराज म्हणाले. "मलाच बसता आलं नाही तर त्यांना कशी पोचणार?"

"सरळ केली तर तिले बसता नाई येणार."

"तिकडं गुडघा दुखत नाई, भाऊजी," रूपराव म्हणाला. "शरीरच नसते."

"मग खुर्ची काऊन लागते?"

रूपरावने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी पाणी मागितलं.

ते पिऊन होईपर्यंत मी थांबलो. मग म्हटलं, "महाराज, तुम्ही तिच्यासारखे बसून पाहा."

महाराजांनी धोतर सावरलं. शोभाबाई पुढे झाली. "उजवा पाय लांब सोडा. डावा खाली घ्या. कोपर टेकवा. नाई, मान जराशी खाली, तांदूळ निवडून राह्यले समजा."

महाराजांनी मान खाली घातली आणि त्यांची पाठ लाकडात बसली. शोभाबाईने पदर डोळ्यांना लावला. महाराज डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "भजी झाली असतील तर इथंच आणा."

"पोचली," रूपराव म्हणाला. जावई म्हणाले, बसता येतं अशीही आर्ट असते.

जेवणानंतर महाराजांनी ऑटो बोलावला. दोन्ही खुर्च्या नेतो म्हणाले. मला वाटलं होतं, दान म्हणजे हातावरून पाणी सोडलं की झालं. ही उठून जाईल हे ध्यानातच आलं नव्हतं. "राहू द्या," असं तोंडाशी आलं होतं. पण ठेवून घेतली असती तर तिला मिळाली नसती. मीच उचलून बाहेर नेली.

"काका, हिची पुढची बाजू कोणती?" ऑटोवाल्याने विचारलं. सगळ्यांनी वेगवेगळी सांगितली. मी दाखवली तशी त्याने मागच्या सीटवर ठेवली. मागे जागा उरली नाही. प्लास्टिकची टपावर बांधली आणि महाराज पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर बसले.

सगळे महाराजांच्या पाया पडले. मी मागच्या सीटशी गेलो.

"सांभाळून जाजो," म्हटलं.