एक चाक समुद्राकडे

हमदुल्ला तांडेलांच्या मोटारीचं पुढचं एक चाक रस्त्याकडे बघायचं आणि दुसरं समुद्राकडे. हा बिघाड नव्हता. तांडेलांनी स्वतः पाना हातात घेऊन, पूर्ण विचारान्ती केलेली ती सुधारणा होती.

तांडेलांची हयात गलबतावर गेली. आगबोटींनी गलबतांचा धंदा खाल्ला तेव्हा त्यांनी गलबत विकलं आणि पेणच्या एका वकिलाची जुनी, उघडी मोटार घेतली. वकिलानं ती का विकली हे नागावात कुणी विचारलं नाही. वकिलानं आपणहून सोडलेल्या वस्तूत काय उरलं असेल याचा अंदाज सगळ्यांनाच होता.

नागावहून अलिबागवरून मांडव्याच्या बंदरापर्यंत तांडेल उतारू नेत. जाताना समुद्र डाव्या हाताला आणि वाराही तिकडूनच. वाऱ्यानं गलबत सरकतं, म्हणून सुकाणू जरा वाऱ्यावर धरून ठेवायचं असतं. तांडेलांनी मोटारीला तोच न्याय लावला. पुढच्या दोन चाकांना जोडणारी दांडी पिळून त्यांनी डावं चाक कायमचं समुद्राकडे वळवलं. तेव्हापासून गाडी खेकड्यासारखी जाई, उतारूंचे दात वाजत आणि टायर साबणासारखे झिजत. तांडेल म्हणत, वारा मोठा हाय, मी नसतो तर केव्हाच भातात गेलो असतो.

मांडव्याच्या अलीकडे एक चढ होता. तो या इंजिनाला झेपत नसे. तिथे सगळे उतरत. कोळी आणि शेतकरी गाडी ढकलत. आम्ही कचेरीतले लोक टोप्या सांभाळत बाजूनं चालत असू आणि तोंडानं जोर लावत असू.

चौतीस सालच्या वैशाखात तांडेलांचा मुलगा अहमद घरी आला. तो परदेशी जाणाऱ्या आगबोटीवर इंजिनखात्यात होता. कंपनीनं त्याला रजा दिली होती, आणि रजा किती दिवसांची हे सांगितलं नव्हतं, यावरून काय ते समजायचं. छातीचा भाता झाला होता. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मुंबईच्या इस्पितळात न्या, पण मांडव्याहून सुटणारे शिडाचे मचवे पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आत. धरमतरच्या आगबोटीनं नको, त्या वाटेवरच्या खिंडीतले धक्के सोसायचे नाहीत.

अहमदची बाज अंगणात माडाखाली टाकली होती, मोटारीच्या शेजारी. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं,

"बावा, हे चाक कुठं चाललंय?"

"वाऱ्यावर धरलाय त्याला. न्हायतर गाडी सरकते."

"जमिनीवर?"

"तू खाली कोळशात बसणारा. तुला वारा काय कळणार?"

"बरं, न्हाय कळत. पण परतताना वारा उजवीकडनं येतो. तेव्हा?"

तांडेलांनी टायरवरची वाळू झटकली. मग म्हणाले, "परतताना गाडी रिकामी असते."

"म्हणून दोन वेळा अंबाजीच्या कुंपणात घातली व्हय?" आतून बिल्किसबी म्हणाल्या. त्या तांडेलांच्या बायको, आणि घरातल्या एकुलत्या एक शहाण्या.

अहमद हसला. हसण्यानं खोकला आला आणि खोकल्याबरोबर रक्त. बिल्किसबी फडकं घेऊन विहिरीकडे गेल्या. तांडेल चाकाकडे बघत राहिले.

मुंबईला न्यायचं हे ठरलं होतं. फक्त आधी इंजिन यायचं होतं. माणगावला एक मोडलेली बस पडून होती. तिचं इंजिन मोठं होतं, आणि ते बसवलं की गाडी चढ एका दमात चढणार होती. अहमदला चढावर उतरवायचं नाही, यावर तांडेल अडून बसले होते. शिवाय सगळी तयारी झाल्याशिवाय बंदर सोडायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नेम होताच तसा, मान डोलावण्यासारखा.

मग बाप-लेक इंजिनाच्या बेताला बसले. घराच्या भिंतीवर कोळशानं अख्खी मोटार काढली. मोठं इंजिन पुढं मावणार नाही, म्हणून सांगाडा कुठं वाढवायचा. वजन वाढेल, म्हणून स्प्रिंगा कुठल्या. पळेल, म्हणून ब्रेक कसे. अहमद बाजेवरून सांगे, तांडेल भिंतीवर काढत. पोरगा बोटीवर गेल्यापासून दोघं इतकं कधी बोलले नव्हते. ते आनंदात होते. बघणाऱ्याला त्या आनंदाकडे बघवत नसे.

"इंजिन झालं असंल तर मुंबईचं बोला," बिल्किसबी म्हणत.

"माणगावचा माणूस येतोय बाजाराच्या दिवशी."

बाजाराचा दिवस येई. माणूस पुढच्या बाजारावर जाई.

शेवटी अहमदच म्हणाला, "बावा, इंजिन येईल तेव्हा येईल. चाकं तर सरळ करू."

तांडेलांनी जाळ्याची दोरी आणली. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ती ताणून धरायची; चाकं सरळ असतील तर दोरी दोन्ही चाकांना सारखी टेकते. तांडेलांची दोरी पुढच्या डाव्या चाकाच्या एकाच कडेला टेकली, दुसरीपासून चांगली चार बोटं सुटली. ते गाडीखाली शिरले. बाजेवरून हुकूम सुटू लागले: "सैल कर. अजून. आता जास्त झालं. बावा, चाक हाय ते, सुकाणू न्हाय. हां. बस."

दोघं गाडीतून वेशीपर्यंत गेले. समुद्रावरून वारा जोरात होता. तांडेलांनी सवयीनं चक्र वाऱ्यावर धरलं, तशी गाडी कडेला गेली.

"हात सोड," अहमद म्हणाला.

"वेडा हायस काय?"

"सोड तर."

तांडेलांनी हात सोडले. गाडी सरळ चालली, नाकासमोर. वारा त्यांच्या दाढीला लागत होता, गाडीला नाही. तांडेलांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं.

"एवढी वर्षं मी कुणाशी भांडत होतो रे?"

"उद्या जाऊ मुंबईला?"

"इंजिन येऊ दे," तांडेल म्हणाले.

एका सकाळी बिल्किसबींनी वळकटी बांधली, अहमदला धरून गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. "चढावर मी ढकलीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालवा." तांडेलांनी हँडल मारलं. वाटेत नेहमीचे उतारू चढले: कुंपणवाला अंबाजी, त्याच्या गावचे दोघे, आणि आम्ही.

चढ आला. सगळे उतरले. अहमदही उठू लागला, तसा अंबाजी ओरडला, "तू बसून र्‍हा रं! तुझं वजन ते काय? माझ्या कुंपणापरीस हलका हायस." त्यांनी खांदे लावले. बिल्किसबींनी लावला. आम्हीही टोप्या सीटवर ठेवून हात लावले. बिडी पेटवून दोन झुरके होतात तेवढ्यात गाडी वर होती.

वर पोचल्यावर तांडेलांनी गाडी उभी केली. कारण काही नव्हतं. मागं वळून ते त्या चढाकडे बघत राहिले, आणि मग पुढं निघाले.

मांडव्याला मचवे वाळूवर ओढलेले होते. वर झावळ्या घातलेल्या. शेवटचा आदल्या दिवशी सुटला होता. बंदरावरचा म्हातारा तांडेलांना म्हणाला, "हमदुल्ला, तुला सांगायला पायजे? दर्या बघून तारीख सांगायचास तू."

खरं होतं. पण वैशाखापासून तांडेलांनी दर्या बघितलाच नव्हता. ते माणगावच्या रस्त्याकडे बघत होते.

परतताना वारा उजवीकडून येत होता. अहमदनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

"बावा," तो म्हणाला, "परततानापण सरळ जाते."

"व्हय," तांडेल म्हणाले. त्या दिवशी परतताना गाडी रिकामी नव्हती.

अहमद त्याच आठवड्यात गेला. चाळिसावा झाल्यावर बैलगाडीतून इंजिन आलं. मागवलेला माल परत धाडायचा नसतो, म्हणून तांडेलांनी ते उतरवून घेतलं आणि माडाखाली, बाजेच्या जागी, जुन्या शिडाखाली झाकून ठेवलं.

दर्या उघडल्यावर गाडी पुन्हा मांडव्याला जाऊ लागली. चाकं सरळ आहेत, इंजिन जुनंच आहे. एकदा अंबाजीनं विचारलं, "तांडेल, नवं कवा बसवताय?" तांडेल म्हणाले, "कशाला? तुम्ही हाव ना."

चढ आला की सगळे उतरतात. उतारूंत कुणी आजारी असला आणि भिडेनं उठू लागला, तर तांडेल त्याचा दंड धरून त्याला खाली बसवतात. बाकीचे ढकलतात. आम्हीही.