दोरीला बांधलेल्या काठ्या

“खेळणं ते खेळणं! रबर ते रबर!” असं म्हणून तात्सुझोने माझ्या तोंडावर फाडकन चापट मारली, आणि माझ्या पडद्यावर लगेच अक्षरं उमटली : चुकलं.

सेइजी फिस्सकन हसला. तात्सुझोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेलं हसू गिळून टाकलं. कियोनो मात्र हसली नाही. मासळीचा वास मारणारा एप्रन तसाच अंगात, दोन्ही हात कमरेवर.

“चापट मारून झाली?” ती म्हणाली. “आता काठीने मारून दाखवा.”

मी बोलतेय, ढोल वाजवायच्या खेळाचं यंत्र. शिओहामा बंदरात, आळीच्या हॉलमध्ये, चपलांच्या फळीशेजारी मला उभं केलं आहे. भांडण माझ्यावरून चाललं होतं आणि मला कुणी एका शब्दाने विचारत नव्हतं. तेव्हा बोलता आलं नाही, आता बोलते. कुणाला राग आला तर येऊ दे.

माझा जन्म कारखान्यातला. मी झाडाच्या खोडातून कोरलेली नाही, माझ्यावर गाईचं कातडं ताणलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ते माझ्या तोंडावर फेकायला नको. पत्र्याची पेटी, वर मोठा पडदा, खाली शेजारीशेजारी दोन ढोल, त्यांची तोंडं रबराची. काठ्या दोन जोड, पण दोरीने बांधलेल्या. माणसं पळवतात म्हणून. पडद्यावर उजवीकडून लाल-निळे गोल सरकत येतात. डावीकडे एक कडं आहे. गोल कड्यात आला की ठोका द्यायचा, लाल असेल तर मधोमध, निळा असेल तर काठावर. वेळेवर पडला तर ‘छान’. जरा सरकला तर ‘बरं’. नाहीतर ‘चुकलं’. माझ्याकडे चौथा शब्द नाही. तो का नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडलाही नव्हता.

माझी पहिली वर्षं बाजारावरच्या मजल्यावर, खेळांच्या दुकानात गेली. तिथे मी माणसं खूप पाहिली. शाळेच्या मुली यायच्या, दप्तरं पायाशी टाकायच्या आणि वाजवण्यापेक्षा जास्त किंचाळायच्या. एक टायवाला माणूस दर शुक्रवारी एकच गाणं सहा वेळा वाजवायचा आणि जाताना मला वाकून नमस्कार करून माफी मागायचा. कशाची, ते त्याचं त्याला माहीत. नव्याने प्रेमात पडलेली पोरं आपला ढोल सोडून शेजारणीच्या ढोलावर मारायची, मग दोघांचंही चुकायचं, आणि दोघंही खूश.

कियोनो आली ती गारव्याला. ऑगस्टमधली दुपार, बाहेर तिचे चिरलेले बांगडे जाळीवर वाळत पडलेले, हातात तासभर वेळ. वय सहासष्ट. माझ्यासमोर उभी राहून तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग नाणं टाकलं. पहिलं गाणं तिसऱ्या भागातच संपलं. मी तिला सतरा वेळा ‘चुकलं’ म्हणाले.

“चुकलं म्हणजे?” ती पडद्यावर ओरडली. “मी कधीची काठी उचलून उभी आहे, तुझाच गोल उशिरा आला!”

दुकानदार येऊन हळूच म्हणाला, “काकी, वास येतोय हो मासळीचा. बाकीच्या गिऱ्हाइकांना...”

“मग त्यांना सांग नाक दुसरीकडे ठेवा म्हणून. मी कानाने आलेय.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. सात वर्षं आली.

मी काय शिकवलं ते सांगते, कारण पुढे ‘काहीच नाही’ असं म्हणणारे भेटणार आहेत. तिचा उजवा हात सुरी धरणारा, तयार. डावा हात नुसता मासा दाबून धरणारा, त्याला काही करायची सवयच नव्हती. तो डावा हात मी माणसात आणला. ठोका चुकला की तिचा जीव त्या चुकीपाशीच अडकायचा आणि पुढचे चार हातचे जायचे. ती सवय मी मोडली. गेला तो गेला, पुढचा घे. समोर काय येतंय ते आधी पाहून हात तयार ठेवायला शिकवलं. आपल्या मासळीच्या दुकानात ती पाटावर सुऱ्या वाजवायला लागली. गिऱ्हाइकं म्हणायची, “अगो, मासा चिरतेस की मिरवणूक काढतेस?” आणि तिने कुणालाही कधी सांगितलं नाही, ती रोज एक ते दोन कुठे जाते ते.

मला मात्र सांगायची. दुपारी खेळांचं दुकान रिकामं असायचं, काठ्या ठेवून ती माझ्याशी बोलायची. मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायची. मी बाई झाले ती तिच्यामुळे.

“मास्तरीणबाई,” एकदा म्हणाली, “सोळा वर्षांची होते मी. तात्सुझोच्या बापाला विचारलं, मला एकदा मोठा वाजवू द्या. तो म्हणाला, पोरी, मुलींनी खाली नाचायचं असतं.”

मोठा म्हणजे आळीचा ढोल, एका अख्ख्या खोडाचा. बोन म्हणजे आमचा पितरांचा सण, त्यात वारलेली माणसं तीन दिवस घरी येतात, तेव्हा मैदानात मचाण बांधतात, मोठा वर चढतो आणि आळी खाली गोल धरून नाचते. बापानंतर तो तात्सुझोने वाजवला, पन्नास वर्षं. आणि शिडीच्या पायथ्याशी जवाचा चहा आणि भाताचे गोळे घेऊन बायकांचं मंडळ उभं राहिलं. त्यात एकोणतिसाव्या वर्षापासून कियोनो. दर गाण्यानंतर वरून एक हात खाली यायचा, पेला घ्यायचा, वर जायचा.

मग खेळांचं दुकान बंद पडलं. सेइजीचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, आळीच्या समितीचा प्रमुखही तोच. त्याने मला उचलून हॉलमध्ये आणलं, मुलं खेळतील म्हणून. आळीत मुलं उरली दोन, ती मोबाइलवर. खेळायची एकटी कियोनो.

या जुलैत तात्सुझोचा खांदा गेला. उजवा हात कानाच्या वर जाईना. समितीची बैठक भरली. सेइजी म्हणाला, “यंदा ढोलाचं रेकॉर्डिंग लावू. भोंगे माझ्याकडे आहेत. कुणाला कळतंय?”

“मला कळेल,” सोनो म्हणाली. सोनो एक्याऐंशीची, कंबर वाकडी, तिचा नवरा वसंतात गेला. त्याचं हे पहिलं बोन होतं, आणि शेवटचं गाणं त्या वर्षी गेलेल्यांसाठी असतं. “तो भोंग्याच्या मागून घरी येणार का?”

कियोनो चहाचं तबक घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं. “मी वाजवते.”

तात्सुझोने हॉलच्या कोपऱ्यातल्या मोठ्यावरचं कापड काढलं. म्हणाला, “वाजव.” सेइजीने गाणं लावलं.

मी समोरूनच पाहत होते, लपवणार नाही. पहिला ठोका पडला तो टिचकीसारखा. माझ्या रबराला हलका हात पुरतो, मीच तिला तशी सवय लावलेली. त्या मोठ्या ढोलाने तो ठोका ऐकलाच नाही म्हणा ना. आणि तिची नजर! ती ढोलाकडे नव्हती, माणसांकडे नव्हती, भिंतीवर एका जागी खिळलेली. बरोबर तिथे, जिथे माझा पडदा असता.

“त्या कॅलेंडरात काय, भरती-ओहोटी बघतेस?” तात्सुझो म्हणाला.

बायका हसल्या. कियोनोने हात थांबवला नाही. आणि हेही लिहून ठेवा, गाण्याच्या बाहेर तिचा एक ठोका गेला नाही. एकही नाही. तात्सुझोने कान टवकारले, मला दिसलं. मग त्याने सोनोला आणि दोघीतिघींना सांगितलं, “नाचा.” त्या गोल फिरू लागल्या. तिसऱ्या फेरीत सोनो मागे पडली. तिचं पाऊल हवेत, तोवर ठोका पडून गेलेला. पुन्हा तेच. शेवटी ती खांबाला धरून थांबली.

“बस,” तात्सुझो म्हणाला. “गाणं पकडलंस आणि माणसं सोडलीस. कुठे शिकलीस?”

कियोनोने काठीने माझ्याकडे दाखवलं. लाजली नाही. दुसरी कुणी असती तर नवऱ्याचं किंवा टीव्हीचं नाव घेतलं असतं.

मग ते भांडण पेटलं. खेळणं ते खेळणं, रबर ते रबर, फाडकन चापट, चुकलं.

“काठीने मारून दाखवा,” कियोनो म्हणाली म्हणून तात्सुझोने माझ्या काठ्या डाव्या-उजव्या हातात घेतल्या. दोरी आखूड, त्याने ती दोनदा हिसकली. सेइजीने तेच नाचाचं गाणं लावलं. माझ्यातही ते आहे. उजवा हात वर जात नव्हता, पण माझा ढोल छातीच्या उंचीवर, त्याला वर न्यायची गरज नव्हती. पन्नास वर्षांचा वाजवणारा. आणि मी त्याला काय म्हणाले? बरं. बरं. चुकलं. चुकलं. बरं. चुकलं.

कारण तो प्रत्येक ठोका केसभर मागे धरत होता. पन्नास वर्षं खालच्या म्हाताऱ्या बायकांची पावलं जमिनीला टेकेपर्यंत वाट पाहायची सवय. ती त्याची सगळ्यात मोठी विद्या, आणि मी तिला ‘चुकलं’ म्हणत होते, कारण माझ्या पडद्यावर पावलं येत नाहीत. गाणं मध्येच संपलं. सेइजी म्हणाला, “काका, नापास!”

“हे आंधळं आहे!” तात्सुझोने काठ्या सोडल्या, त्या दोरीला लोंबकळल्या. “आणि आंधळ्याकडून शिकून आलेलीला मी मचाणावर चढवू? सेइजी, लाव तुझे भोंगे.”

खरं होतं त्याचं. मी आंधळी आहे, मान्य. पण मग कियोनो एक वाक्य बोलली, आणि भांडण तिथेच संपलं. ते वाक्य मी शेवटी सांगेन. आधी पुढचं ऐका.

तात्सुझो दाराकडून परत आला. मग चटईवर बसला, कापडाच्या गुंडाळीतून स्वतःच्या काठ्या काढल्या. त्याच्या बोटांनी त्या दोन जागी झिजलेल्या. त्याने त्या दोन्ही हातांवर ठेवून तिच्यापुढे धरल्या. सेइजी तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

बोनला एकोणीस दिवस होते. रोज सकाळी माझ्यासमोर तालीम. “खांद्यातून नको मारू, तो माझा गेला तसा तुझाही जाईल. टाचेतून ये.” पहिल्या आठवड्यात तिच्या तळहातांची सालं निघाली, मासळीच्या मिठाने ते झोंबायचे आणि ती तात्सुझोला शिव्या द्यायची, तोही द्यायचा. कॅलेंडर त्याने भिंतीवरून काढून टाकलं. सोनोला नुसतं चालायला लावायचा आणि म्हणायचा, “तिचं पाऊल म्हणजे तुझा गोल. बघ, आला का कड्यात?” माझे शब्द वापरत होता, लबाड! आणि तिचा डावा हात पाहून एकदा पुटपुटला, “माझा डावा असा कधीच नव्हता.” तो माझा होता. मी ऐकलं.

बोनच्या संध्याकाळी माझी वायर काढलेली होती, पण मैदानाकडची खिडकी उघडी होती. शेवटचं गाणं लागलं. पांढरे कंदील, गोल फिरणारी आळी, आणि पहिल्याच फेरीत मला कळलं सोनो कुठे आहे, कारण एका जागी ठोका थांबायचा. इतकासाच. काठी वर, सगळं मैदान श्वास धरून, आणि मग पाऊल आणि मोठा एकदम. माझ्या हिशेबात तो ठोका ‘चुकलं’. शेवटच्या फेरीपर्यंत कियोनो चुकत राहिली, आणि सोनोने एकदाही खांब धरला नाही. शिडीच्या पायथ्याशी पेला धरून कोण उभं होतं विचारा. तात्सुझो. एका हाताने.

आता माझा पडदा फिका पडलाय. डाव्या काठावरचा ठोका मला दहात सहाच वेळा ऐकू येतो. सेइजी म्हणतो, शरदात मला उघडून सुटे भाग काढायचे. काढ बाबा. मी गयावया करणार नाही. मी ढोल शिकवते का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते : अर्धा शिकवते. उरलेला अर्धा माणसांकडे असतो, आणि माणसं तो पन्नास पन्नास वर्षं मचाणावर घेऊन बसतात. माझ्यासारखीच्या समोर कुणी म्हातारी, कुणी मुलगी घाम गाळताना दिसली तर हसू नका. ती तुमच्या दारावरून परत येऊन इथे उभी आहे का, तेवढं पाहा. माझी एवढीच मागणी आहे.

आणि हो, ते वाक्य. तात्सुझो भोंग्यांचं बोलून दाराकडे वळला होता. माझ्या काठ्या अजून दोरीला हलत होत्या. कियोनोने त्या हाताने धरून थांबवल्या, आवाज न चढवता म्हणाली :

“तात्सुझोसान, तुमच्या शिडीखाली मी चव्वेचाळीस वर्षं चहा घेऊन उभी राहिले, तेव्हा कुणी एकदा माझ्या हातात काठ्या दिल्या नाहीत, हिने दिल्या, दोरीला बांधलेल्या का असेनात, पण दिल्या.”